साखर विचारली जाते, साता राहून जाते

व्यापारी कुटुंबाची सकाळ हिशेबाने सुरू होते. ज्या घरात मधुमेह आहे तेथे मात्र दिवसाचा पहिला हिशेब दुकानाचा नसतो, तो बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबाचा असतो. “अहो, आज किती आली?” असे पत्नी विचारते. चहाचा कप ठेवताना सून विचारते, पुण्याला शिकणारा नातू फोनवरून विचारतो. उत्तर १२० असेल तर घराचा चेहरा उजळतो. १९० असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “काल काय खाल्ले?” या दुसऱ्या प्रश्नात काळजी असते, यात शंका नाही, परंतु ऐकणाऱ्याच्या कानी ती उलटतपासणीसारखी पडते. वर्षानुवर्षे अशी उलटतपासणी ऐकणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न समाजात फारसा विचारला जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या प्रत्येकामागे एक घर आहे, आणि औषधाची पट्टी जरी एकाच्याच नावाची असली तरी आजाराचा ताण त्या सगळ्या घरावर पडतो.

वैद्यकशास्त्राने या ताणाला स्वतंत्र नाव देऊन आता सुमारे तीस वर्षे झाली. अमेरिकेत बोस्टन येथील जॉस्लिन मधुमेह केंद्रातील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मधुमेहाची भीती वाटते का, खाण्यापिण्यावरून सतत वंचित झाल्यासारखे वाटते का, आकडे बिघडले की अपराधी वाटते का, घरचे लोक समजून घेत नाहीत असे वाटते का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. उत्तरांना गुण देऊन १०० पैकी बेरीज काढतात आणि ती ४० किंवा त्याहून अधिक आली तर त्या माणसाचा मनस्ताप गंभीर समजतात. पुढे २००५ मध्ये १७ प्रश्नांची दुसरी मोजपट्टी आली. तिच्यात या मनस्तापाच्या चार वाटा मानल्या आहेत: आजाराचेच ओझे, पथ्य-औषधांचा जाच, डॉक्टरांविषयीची नाराजी आणि आप्तांविषयीची नाराजी. चौथ्या वाटेकडे घराघरांनी नीट पाहावे. पहिल्या तिन्हींवर घराचा ताबा थोडाच चालतो, चौथी मात्र पूर्णतः घराच्या हातात आहे.

भारतासह १७ देशांत झालेल्या ‘डॉन-२’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये बाहेर आले. त्यात सुमारे ४५ टक्के मधुमेहींनी असा मनस्ताप असल्याचे सांगितले; परंतु “या आजाराने तुमच्या जगण्यावर काय परिणाम झाला?” असे उपचार करणाऱ्यांनी आपल्याला विचारल्याचे चौघांपैकी एकालाही धड सांगता आले नाही. म्हणजे दवाखान्यातही साखर विचारली गेली आणि माणूस राहून गेला.

हा मनस्ताप म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे आणि तो नैराश्याचा आजारही नव्हे. नैराश्यात माणसाला कशातच गोडी उरत नाही. येथे दुकान चालू असते, हसणे-बोलणे चालू असते, फक्त मधुमेहाचा विषय निघाला की माणूस आतून मिटतो. तपासणी टाळतो, गोळी ‘विसरतो’, डॉक्टरांची तारीख पुढे ढकलतो. घरचे याला बेफिकिरी म्हणतात. पुष्कळदा ती दमणूक असते. रोज करावयाचे, कधीही न संपणारे, सुटीच्या दिवशीही न थांबणारे आणि नीट केले तरी कोणी शाबासकी न देणारे असे दुसरे काम व्यापाऱ्याच्या आयुष्यात नसते. पेढीलासुद्धा अमावास्येची सुटी असते.

व्यापाऱ्याच्या बाबतीत हा ताण वाढण्याचे एक खास कारण आहे. आकडा म्हणजे निकाल, अशी त्याच्या मनाची घडण झालेली असते. रोजमेळ जुळला नाही तर कोठेतरी चूक झाली आहे, ती शोधली पाहिजे आणि ती कोणाची तरी असली पाहिजे. हा न्याय तो साखरेला लावतो आणि स्वतःलाच दोषी ठरवतो. शरीराचा जमाखर्च मात्र इतका सरळ नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवून चौविहार करणाऱ्या श्रावकाचे उदाहरण घ्यावे. रात्री झोपताना आकडा १४० होता. बारा-तेरा तास पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि सकाळी उपकरण १६५ दाखवते. घरचे संशयाने पाहतात. त्याहून वाईट म्हणजे तो स्वतःकडेच संशयाने पाहू लागतो. खरे कारण असे की, पहाटेच्या सुमारास शरीर दिवसाच्या तयारीला लागते, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते. निरोगी माणसाचे इन्सुलिन ती वाढ तेथल्या तेथे सावरून घेते, मधुमेहीचे इन्सुलिन सावरू शकत नाही. डॉक्टर याला ‘डॉन फिनॉमेनन’, म्हणजे पहाटेची चढ, म्हणतात. ही चढ आहाराच्या शिस्तीने पूर्ण जात नाही. तिच्यासाठी औषधाची वेळ किंवा मात्रा बदलावी लागू शकते. ज्याने काही खाल्लेच नाही त्याला “काय खाल्ले?” असे विचारणे म्हणजे मालच न घेतलेल्या गिऱ्हाइकाकडे उधारी मागण्यासारखे आहे.

उपकरणाचीही एक मर्यादा आहे. घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा अधिक असताना शंभरांतील ९५ वाचने प्रयोगशाळेतील आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आली तरी उपकरण योग्य समजले जाते. म्हणजे रक्तातील खरी साखर १५० असेल तर पडद्यावर १२८ येऊ शकते आणि १७२ही येऊ शकते. एकाच बोटाचे दोन थेंब १४८ आणि १६१ सांगतात तेव्हा दोहोंपैकी एक खोटे बोलतो असे नाही. शिवाय गुळाच्या ढेपेला, साखरेच्या पोत्याला किंवा पिकलेल्या आंब्याला हात लावून तो न धुता थेंब काढला तर बोटावरची साखरही मोजली जाते. किराण्याच्या आणि मिठाईच्या दुकानदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजल्यावर कित्येक धास्तावलेली घरे शांत झाली असती.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी याच कारणाने अधिक विश्वासाची. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, त्या काळात तिच्यावर चढलेल्या साखरेचे प्रमाण ही तपासणी सांगते. ७ टक्के म्हणजे ढोबळमानाने १५४ची सरासरी. बँक खातेदाराची पत जोखताना एका दिवसाची शिल्लक पाहत नाही, खात्यातील सरासरी शिल्लक आणि वर्षभराची उलाढाल पाहते. वसुलीच्या आदल्या दिवशी खाते रिकामे दिसले म्हणून कोणी दिवाळे जाहीर करत नाही. सकाळच्या एका आकड्यावरून घराचा दिवस ठरू देणे ही त्याच प्रकारची घाई आहे. रोजचे मोजमाप सोडावे असा याचा अर्थ नाही. ते औषध ठरवण्यासाठी असते. माणसाची लायकी ठरवण्यासाठी त्याचा उपयोग करू नये, इतकेच.

त्यात भर म्हणजे ताण स्वतःच साखर वाढवतो. भीती किंवा संताप आला की अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात आणि यकृत पुन्हा साखर सोडते. मार्चअखेरीची धावपळ, बुडण्याच्या बेतात आलेली उधारी, भागीदाराशी झालेली बोलाचाली, यांपैकी कशाचाही ठसा दुसऱ्या दिवशीच्या आकड्यावर उमटू शकतो. त्या आकड्यावरून घरात पुन्हा बोलाचाली झाली की फेरा पूर्ण होतो.

पेढीवर याचे आणखी एक रूप दिसते, आणि ते धोक्याचे आहे. इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर जेवणाला उशीर झाला की ७०च्या खाली घसरू शकते. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, चिडचिड होते, समोरच्याचे बोलणे उमगत नाही. गादीवर बसून सौदा करत असताना हे एकदा घडले की माणूस मनातून हादरतो. बाजारात बातमी जायला वेळ लागत नाही: शेठ थकले, आता पेढी मुलांच्या हाती जाणार. पत हेच ज्याचे भांडवल, त्याला हे परवडत नाही. मग कित्येक जण दोन गोष्टी करतात. एक, आजार लपवतात. मुनिमालासुद्धा कळू देत नाहीत. दुसरी, साखर पुन्हा घसरू नये म्हणून ती मुद्दाम चढीच ठेवतात, गोळी चुकवतात, दुपारचे इन्सुलिन टाळतात. घरी हे कोणालाच ठाऊक नसते आणि डॉक्टर औषध वाढवत राहतात. सदैव २५० साखर घेऊन वावरणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांवर आणि मूत्रपिंडांवर पुढे होणारा परिणाम बाजारातल्या पतीपेक्षा महाग पडतो. गल्ल्यात ग्लुकोजची पुडी असणे आणि शेजारी बसणाऱ्या एका तरी विश्वासू माणसाला ती कधी द्यायची हे माहीत असणे, एवढ्याने ही भीती पुष्कळ उतरते. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यावे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजावे, आणि आकडा सावरला नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

घरातल्या पहाऱ्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. लग्नाच्या पंगतीत ताटात मोहनथाळ पडतो न पडतो तोच दोन टेबलांवरून आवाज येतो, “पप्पाजी, तुम्हाला नको ते!” पाहुण्यांच्या माना वळतात. साठ वर्षांचा, चार गावांत व्यवहार सांभाळलेला माणूस शाळकरी मुलासारखा ताट बाजूला सारतो. त्या दिवशी त्याच्या पोटात एक तुकडा कमी गेला, पण त्यानंतर तो गोदामात एकट्याने चार तुकडे खाऊ लागला, तर पहाऱ्याने काय मिळवले? जे चोरून खाल्ले जाते ते मोजले जात नाही, डॉक्टरांना सांगितले जात नाही आणि त्याच्या नोंदीअभावी औषधही चुकते ठरते. काळजी असणाऱ्याने एकांतात, शांत वेळी एवढेच विचारावे: “यात माझी मदत कशी झालेली आवडेल?” कोणाला आठवण करून दिलेली चालते, कोणाला चालत नाही. कोणाला तपासणीला सोबत हवी असते. एखाद्याला फक्त असे हवे असते की घरात सगळ्यांसाठी एकच जेवण शिजावे आणि आपले ताट वेगळे दिसू नये.

आणि हे सारे पुरुषाविषयी झाले. घरातल्या बाईला मधुमेह असतो तेव्हा पहारा तर नसतोच, बहुधा कोणाचे लक्षही नसते. शेठांच्या पथ्याची भाजी ती वेगळी करते, नातवाचा डबा भरते, गोचरीला येणाऱ्या महाराजसाहेबांची वेळ सांभाळते आणि स्वतः सर्वांच्या शेवटी, गोळी घेऊन दीड तास उलटल्यावर, जेवते. तिच्या तपासणीची पट्टी ‘उगाच खर्च’ म्हणून तीच पुढच्या आठवड्यावर टाकते. तिच्या चिडचिडीला स्वभाव म्हटले जाते. कधी कधी ती घसरलेली साखर असते. तिला वेळेवर जेवायला बसवणे हे औषधाइतकेच आवश्यक आहे, आणि ते काम घरातील पुरुषांनी अंगावर घेतल्याखेरीज होत नाही.

जैन कुटुंबातील मधुमेहीच्या मनाला सर्वांत खोल टोचणी लागते ती धर्माराधनेच्या बाबतीत. ज्याने तरुणपणी अठ्ठाई केली, ज्याच्या पारण्याला गाव जेवले, त्याला पर्युषणात डॉक्टर उपवासाला नाही म्हणतात. स्थानकात तपस्व्यांची नावे पुकारली जातात आणि तो मागच्या रांगेत खाली मान घालून बसतो. शेजारचा सहज म्हणून जातो, “यंदा काहीच नाही का?” काही जण या टोचणीपायी डॉक्टरांना न सांगता पच्चक्खाण घेतात. गोळ्या चालू ठेवून उपवास केला तर साखर घसरण्याचे भय; सगळ्याच गोळ्या स्वतःच्या मनाने सोडल्या तर ती भडकण्याचे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी उपाशीपोटी साखर घसरू शकते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ येते त्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. निर्जल किंवा दीर्घ उपवासात त्या चालू राहिल्या तर शरीर कोरडे पडते आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहीने तर इन्सुलिन पूर्ण बंद करणे प्राणावर बेतणारे आहे. यातले काय बदलायचे, किती दिवस आधी, हे उपचार करणारे डॉक्टरच ठरवू शकतात; पण त्यांना बेत सांगितलाच नाही तर ते काय ठरवणार?

पथ्याचा छापील कागदही येथे अडचणीचा होतो. त्यावर गाजर, मुळा, कांदा, अंडे असे लिहिलेले असते आणि कागद घडी होऊन कपाटात जातो. आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, म्हणून ताटात पोळी, भात आणि पापड वाढतात आणि त्या दिवशी साखर चढते. आयंबिलात विगई नसते, पण केवळ भात आणि पोळीवर आयंबिल केले तर तेथेही तेच. मूग, मटकी, चणे, उडीद यांचा वाटा वाढवून धान्याचा कमी करणे तिथीच्या नियमात बसते. आहारतज्ज्ञाला आपले नियम संकोच न करता आधी सांगावेत. संकोचामुळे कित्येक जण “सगळे पाळतो” असे सांगून येतात आणि घरी येऊन स्वतःलाच बोल लावतात.

चौविहार करणाऱ्याला रात्री साखर घसरली तर काय, ही भीती वेगळीच. घाम फुटून दोन वाजता जाग आलेली असते, उशाशी ग्लुकोज असते आणि नियम मोडेल म्हणून हात पुढे होत नाही. वास्तविक पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. त्यांतील ‘सव्वसमाहिवत्तियागार’ हा आगार तीव्र व्याधीत समाधी टिकावी यासाठी औषध घेण्याचा आहे, असाच त्याचा अर्थ परंपरेने लावला जातो. शेकडो वर्षे लाखो मुखांनी हा शब्द रोज उच्चारला, आणि नेमक्या गरजेच्या रात्री त्याचा अर्थ आठवू नये, हे विचित्र आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवावे. पच्चक्खाण घेतानाच औषधाची सूट ठेवणारे अनेक वृद्ध श्रावक आहेत. अर्ध्या रात्री, कापत्या हातांनी आणि गोंधळलेल्या डोक्याने शास्त्रार्थ करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तपाचे प्रकार तर बारा आहेत आणि अनशन त्यांतील एक. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे ही ऊनोदरी. मोजके पदार्थच घेणे हा वृत्तिसंक्षेप. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगईंपैकी काहींचा त्याग हा रसपरित्याग. मधुमेहीने साखर आणि तळण भावपूर्वक सोडले तर त्याची गणना कोठे होते, हे सांगायला पंडित नको. सक्तीने सोडलेल्या गोष्टीला तप म्हणता येत नाही, हे मान्यच. पण सक्ती आणि स्वीकार यांतील अंतर मनातच कापले जाते. जी गोष्ट कालपर्यंत डॉक्टरांनी हिरावून घेतली म्हणून डाचत होती ती पच्चक्खाणपूर्वक सोडल्यावर डाचेनाशी झाली, असा अनुभव सांगणारे भेटतात. संघांनीही पर्युषणातील बहुमानाच्या यादीकडे एकदा या दृष्टीने पाहायला हरकत नाही. वर्षभर ऊनोदरी पाळणाऱ्याचे नाव कोठेच पुकारले जात नाही.

इन्सुलिनविषयी दोन समज अजून अनेक घरांत त्रास देतात. एक, ते प्राणिजन्य असते. टोरोंटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई, हे खरे. परंतु १९८२ पासून जनुकीय तंत्राने जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि आज सर्वसाधारणपणे दिले जाणारे इन्सुलिन याच प्रकारचे किंवा त्यातून सुधारलेले असते. दुसरा समज, इन्सुलिन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला. स्वादुपिंडाची शक्ती वर्षांगणिक घटते, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही अनेकांना ते लागते. त्यात रुग्णाने काही गुन्हा केलेला नसतो. “गोळ्या नीट घ्या, नाहीतर सुई लावीन” असे धाक घालणारे डॉक्टरही असतात. असा धाक पुढे उलटतो. खरोखर सुईची गरज पडते तेव्हा रुग्ण तिच्याकडे शिक्षा म्हणून पाहतो आणि वर्ष-दोन वर्षे टाळतो.

या सर्वांत जिचा कोंडमारा सर्वाधिक, ती पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली मुलगी. दहाव्या-बाराव्या वर्षी आजार कळतो आणि त्याच दिवशी आईच्या मनात लग्नाचा विचार येतो. मग नातेवाइकांत वाच्यता नाही, शाळेत नाही, सहलीला नाही. मुलगी शिकते ती एकच गोष्ट: आपल्यात काहीतरी लपवण्याजोगे आहे. काही ठिकाणी बायोडाटा जातो, बोलणी होतात, साखरपुडा होतो आणि आजार सांगायचा राहतो. सासरी ती न्हाणीघरात कडी लावून इन्सुलिन टोचते, पेन कपड्यांच्या घडीत ठेवते, पाहुणे असले की एक डोस चुकवते. जो आजार उघडपणे सांभाळला असता तर ती शिकली असती, नोकरी-व्यवसाय करू शकली असती आणि योग्य देखरेखीखाली आईही होऊ शकली असती, तोच लपवण्यामुळे जीवघेणा होतो. इन्सुलिन एक-दोन दिवस पूर्ण चुकले तरी रक्तात आम्ल साचून रुग्णालयात न्यावे लागू शकते, आणि तेथे डॉक्टरांसमोर सासरच्यांना पहिल्यांदा सगळे कळते. व्यवहारात माल दाखवूनच सौदा करण्याची रीत पाळणाऱ्या समाजाला येथे मात्र झाकलेला व्यवहार चालतो, हे बोलायला कठोर असले तरी खरे आहे. आणि “मुलीला मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते आणि उत्तम सांभाळते” असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्या बापासमोर जे घर उठून जाते, त्या घराविषयी समाजाने काय बोलावे हेही एकदा ठरले पाहिजे. आज ते घर ‘व्यवहारी’ ठरते.

जेथे मनस्ताप हद्द ओलांडतो तेथे घरगुती समजूत पुरत नाही. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत खिन्न राहणे, सामायिक-प्रवचनातही गोडी न वाटणे, झोप उडणे, “आता पुरे झाले” अशी भाषा तोंडी येणे, ही लक्षणे दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

तपस्व्याच्या घरी गेल्यावर श्रावक सवयीने विचारतो, “साता आहे ना?” किती उपवास झाले हे त्यानंतर. मधुमेहीच्या घरी प्रश्नांचा क्रम नेमका उलटा लागतो आणि पुष्कळदा पहिल्याच प्रश्नावर बोलणे संपते. वैयावृत्य हा आभ्यंतर तपाचा प्रकार म्हणून शिकवला जातो. त्यात आजाऱ्याचे पाय चेपणे येते, तसे त्याच्याबरोबर संध्याकाळी अर्धा तास चालणे येते, औषधांची यादी लिहून डॉक्टरांकडे सोबत जाणे येते, आणि आकडा १९० आला त्या दिवशी “काल काय खाल्ले?” हा प्रश्न गिळून चहा समोर ठेवणेही येते, बिनसाखरेचा, घरातल्या सगळ्यांचा असतो तसाच.

यंदाच्या पर्युषणाला ज्यांना काही तप करण्याचा भाव आहे अशा मधुमेहींनी महिनाभर आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. जाताना औषधांच्या पट्ट्या, मागील तीन महिन्यांचे आकडे आणि करावयाच्या तपाचे नेमके स्वरूप, म्हणजे पाणी घेणार की नाही, किती दिवस, पारणे कशाने, असे एका कागदावर लिहून न्यावे; ‘उपवास’ या एका शब्दावरून डॉक्टरांना साबुदाण्याची खिचडी डोळ्यांसमोर येते. घरातील एक जण सोबत असावा, आणि त्याने तेथे ऐकावे अधिक, बोलावे कमी.